सोमवारी उठणारं पुरळ

“सिस्टर, चड्डी काढत बसू नका. कात्रीनं कापा.”

टेबलावर शंभू होता. अडीच वर्षांचा. ओठ सुजून उलटे झालेले, डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या, पोटापाठीवर लालभडक गांध्या आणि श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी. मी सिरिंजमध्ये ॲड्रिनॅलिन भरत होते. पायथ्याशी त्याची आई अश्विनी उभी होती. तिच्या हातात शंभूची एकच चप्पल होती. दुसरी मोटरसायकलवरून येताना वाटेत कुठंतरी पडली असणार.

“काय खाल्लं यानं?”

“भाकरी आन् आमटी, मॅडम.”

“दुधाचं काही?”

“न्हाई.”

“बिस्कीट? पेढा? ताक, तूप?”

“न्हाई वो मॅडम! देवाशप्पथ कायबी न्हाई!”

मी त्याच्या मांडीत सुई टोचली. शंभू रडला नाही. ते मला अजिबात आवडलं नाही. आमच्या धंद्यात बोंबलणारं पोर चांगलं, गप्प पोराची धास्ती वाटते. ऑक्सिजनचा मास्क लावला, पायाखाली उशी दिली, सलाइन सुरू केलं. अश्विनी त्याला उचलून छातीशी धरायला पुढं आली. मी तिचा हात धरून तिला मागं केलं. अशा वेळी ब्लडप्रेशर खाली येत असतं, पोराला झटकन उभं धरलं तर घात होतो. हे तिला समजावून सांगायला सवड नव्हती. “लांब हो!” एवढंच ओरडले.

मी बालरोगतज्ज्ञ. माहेर वाईचं, सासर सांगलीचं आणि नोकरी पलूसमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात. तोंडानं फटकळ म्हणून सगळ्या तालुक्यात माझं नाव आहे. तरी लोक पोरं घेऊन येतात, म्हणजे औषध बरं देत असेन.

शंभू माझा जुना पेशंट. त्याला दुधाची ॲलर्जी. इथं एक गोष्ट सांगून ठेवते, कारण सुशिक्षित माणसंसुद्धा यात गल्लत करतात. दूध न पचणं वेगळं आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. न पचणाऱ्याचं पोट फुगतं, जुलाब होतात, पण त्यानं जीव जात नाही. ॲलर्जीत मात्र शरीराची राखण करणारी यंत्रणा दुधातल्या प्रोटीनलाच शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. त्या मारामारीत हाल होतात आपलेच. अंगावर गांध्या उठतात, सूज येते, श्वासनळ्या आवळतात, ब्लडप्रेशर ढासळतं. हे सगळं एकदम आणि झपाट्यानं झालं की त्याला आम्ही ॲनाफिलॅक्सिस म्हणतो. त्यावर पहिलं औषध एकच, ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची बाकीची औषधं आणि स्टेरॉइड ही मागाहून येणारी वऱ्हाडी मंडळी.

आता गंमत अशी की शंभूच्या घरचा गोठा गच्च भरलेला. गावच्या डेअरीत सगळ्यात मोठ्या किटल्या त्यांच्या. त्याची आज्जी पहिल्यांदा आली तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाली होती, “डाक्टरीनबाई, आमच्या घरातल्या पोराला दूध सोसंना? लोक हसतील की आमाला!” मी रिपोर्ट दाखवला, समजावलं, शेवटी दमात घेतलं. म्हातारीनं मान डोलावली आणि घरी जाऊन पोराला शेरडाचं दूध पाजलं. गाईचं बाधतं ना, मग शेळीचं चालेल, असा हिशेब. चालत नाही. दोन्हीतलं प्रोटीन जवळजवळ सारखंच असतं. त्या वेळी उलट्या आणि पुरळावर भागलं, पण घरात मोठं रामायण झालं.

शंभूचे वडील संतोष फौजेत. पोस्टिंग राजस्थानात. त्यांनी तिकडून फोनवर हुकूम सोडला की यापुढं शंभूचं सगळं अश्विनी बघेल, आईनं त्यात हात घालायचा नाही. आणि परत असं काही झालं तर पोराला साताऱ्याला ताईकडं ठेवायचं. ताई म्हणजे संतोषची बहीण, शाळेत शिक्षिका. तिला स्वतःचं मूल नव्हतं आणि शंभूवर तिचा जीव होता. आज्जीलाही ते पटलेलं होतं. अश्विनीसमोरच मला म्हणाली होती, “हिला जमायचं न्हाई. हिच्या हातात पोरगं वाळून चाललंय.”

तेही अगदी खोटं नव्हतं. शंभूचं वजन वाढत नव्हतं. अश्विनी भ्यायली होती. दूध बंद केलं ते मी सांगितलं म्हणून. पण मग शेजारीण म्हणाली अंडं उष्ण, बंद. कुणीतरी म्हणालं शेंगदाण्यानंही असंच होतं, शेंगदाणे बंद. डाळीचं नुसतं वरचं पाणी. पोरगं भाकरीच्या काल्यावर जगत होतं. मी दर खेपेला डोकं फोडून सांगायचे, “अगं, त्याला फक्त दूध चालत नाही. अंडं दे, दाट वरण दे, कूट घाल, नाचणी दे, तीळ दे. दुधातून जे मिळत नाही ते दुसरीकडून भरायला नको का?” ती “व्हय मॅडम” म्हणायची आणि घरी गेली की तिचा हात आखडायचा. तिच्या बाजूनं बघितलं तर प्रत्येक घास म्हणजे परीक्षा होती. नापास झाली तर पोरगं साताऱ्याला.

काळजी घ्यायची मात्र कमालीची. शंभूची ताट-वाटी वेगळी, ती घासायची घासणी वेगळी. धार काढून आली की कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय त्याला शिवायची नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं मला फोनवर वाचून दाखवायची. तरीही श्रावण लागल्यापासून शंभूच्या अंगावर मधूनच पुरळ उठत होतं. दुपारी उठायचं, औषध दिलं की संध्याकाळपर्यंत मावळायचं. मी साबण बदलायला लावला, कपडे तपासले, गोठ्याकडं नेऊ नको म्हटलं. ती यायची सोमवारी. त्यात मला काही नवल वाटलं नाही. रविवारी ओपीडी बंद असते, सोमवारी अर्धा तालुका माझ्या दारात असतो.

आणि आज तो असा आला होता. आजही सोमवारच.

इंजेक्शन लागू पडलं. छातीतली शिट्टी कमी झाली, ओठांचा निळसरपणा गेला, नाडी भरली. शंभूनं डोळे किलकिले केले आणि हातावरच्या सलाइनच्या चिकटपट्टीशी खेळायला लागला. सिस्टर सुनीतानं माझ्याकडं बघून मोठा श्वास सोडला.

तेवढ्यात हॉस्पिटलचे मालक, आमचे मोठे सर, दारात आले.

“मॅडम, सांगलीला पाठवून द्या. आपल्याकडं पोरांचा आयसीयू नाही.”

“आत्ताच नको, सर. रस्त्याचं काम चालू आहे. वाटेत परत आवळलं तर?”

“आणि इथं आवळलं तर?”

दोघांचंही बरोबर होतं. एकदा शांत झालेली रिॲक्शन काही तासांनी पुन्हा उसळू शकते, काहीही नवीन पोटात न जाता. म्हणून अशा पोराला लगेच घरी सोडत नाहीत. शेवटी ठरलं की थोडा वेळ इथं नजरेखाली ठेवायचं, ॲम्ब्युलन्स दारात उभी करायची आणि जरा स्थिर झाला की सांगली.

मी अश्विनीला बजावलं. “तोंडानं काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा मला विचारल्याशिवाय नाही. कळलं?”

“व्हय मॅडम. न्हाई देत.”

आज्जी येऊन पोचल्या होत्या. बाहेर बाकड्यावर बसून माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, परत काहीतरी पाजलं असेल म्हातारीनं. खरं सांगायचं तर माझी खात्रीच होती.

ओपीडीतलं एक खोकणारं पोर तपासत होते तोवर सिस्टरची हाक आली, “मॅडम, पळा!”

शंभूचा चेहरा परत फुगला होता. या वेळी आवाजही घोगरा, म्हणजे सूज घशात उतरत होती. पोरांचा घसा मुळात केवढासा, तो बंद व्हायला काय वेळ लागतो? “ॲड्रिनॅलिन भरा,” म्हणत मी टॉर्च घेतला आणि जीभ किती सुजलीय ते बघायला त्याचं तोंड उघडलं. टाळूला हिरवं काहीतरी चिकटलं होतं. चिमट्यानं काढलं.

बेलाच्या पानाचा तुकडा.

“सर म्हणतायत दुसरी लाट असेल,” दारातून वॉर्डबॉय म्हणाला.

“सरांना सांगा, दुसरी लाट बेल घेऊन येत नाही!”

इंजेक्शन मांडीत देता देता मी अश्विनीला विचारलं, “काय घातलंस याच्या तोंडात?”

“कायबी न्हाई, मॅडम.”

“अश्विनी, हे बेलाचं पान आहे. माझ्याकडं वेळ नाही. बोल!”

“ते व्हय... तीर्थ दिलं. म्हादेवाचं. लौकर बरं वाटावं म्हणून.”

“कसलं तीर्थ?”

तिनं पिशवीतून एक बाटली काढली. मीच कधीतरी दिलेल्या खोकल्याच्या औषधाची, धुऊन ठेवलेली. आत पांढरं होतं.

“अगं बाई, हे पंचामृत आहे! दूध, दही, तूप, सगळं आहे की यात!”

तिला खरोखरच कळत नव्हतं. “पर ते पिंडीवरनं आलेलं असतंय, मॅडम. देवाच्या अंगावरनं आल्यावर त्यात दूध कुठं ऱ्हातंय?”

कापसाच्या बोळ्यानं शंभूचं तोंड आतून पुसून काढलं, मशीनमधून वाफेचं औषध दिलं, सलाइन सोडलं. नाडी बोटाखाली लागेना. सुनीतानं पाय उचलून धरले. मोठे सर स्वतः येऊन श्वासाची नळी हातात घेऊन उभे राहिले. नळी घालायची म्हणजे सुजलेल्या घशातून वाट काढायची. ती गेली तर गेली, नाही गेली तर पुढं विचार करवत नव्हता. अश्विनी भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून धरला होता.

“घालायची का?” सर म्हणाले.

“एक मिनिट.”

“मॅडम...”

“एकच मिनिट, सर.”

आणि शंभू रडला. आधी कुईं, मग घोगरा, मग असा ठणाणा की ओपीडीतली माणसं उठून उभी राहिली. मला तो आवाज कुठल्याही गाण्यापेक्षा गोड वाटला. सरांनी नळी ट्रेमध्ये ठेवली.

आता सांगलीला न्यायला हवंच होतं आणि मी स्वतः बरोबर निघाले. ॲम्ब्युलन्समध्ये शंभूच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अश्विनी. आज्जी पुढं ड्रायव्हरशेजारी. मधली काच उघडीच होती. रस्त्याच्या खड्ड्यांतून जाताना अश्विनीनं मला सगळं सांगितलं, शंभूवरून नजर न काढता.

“वजान वाडंना, मॅडम. तुमी वरडायच्या, घरात आत्याबाई वरडायच्या. मग म्हादेवाला बोलले. श्रावणातलं सगळं सोमवार अभिषेक घालीन, पोराला अंग येऊ दे म्हणलं. दर सोमवारी पळीभर द्यायची.”

“आणि आज?”

“आज शेवटचा. गुरव म्हणालं पोरगं लय रोडावलंय, पाज वाटीभर. सर्दीबी झालती त्याला. म्हणलं देवाचं हाय, बरं वाटंल.”

पळीभर पंचामृतानं पुरळ. सर्दीत ॲलर्जी जास्त भडकते; त्यात वाटीभर, म्हणून ॲनाफिलॅक्सिस. सगळं बरोबर जुळत होतं. पोराच्या अंगात दूध जाऊ नये म्हणून जी बाई घासणीसुद्धा वेगळी ठेवते, तिनंच स्वतःच्या हातानं दर सोमवारी दूध पाजलं होतं. वजन वाढावं म्हणून.

“सासूबाईंना ठाऊक होतं?”

“न्हाई. त्यास्नी देवळाच्या पायऱ्या चडवत न्हाईत. त्या तवा गोठ्यात असत्यात.” मग एकदम माझा हात धरला. “मॅडम, ह्यांना सांगू नका वो. ते पोराला साताऱ्याला धाडत्याल. मी काय करू मग? मी तिथं घरात काय करू?”

मी दुसऱ्या हातानं शंभूची नाडी बघितली. काय बोलणार? खोटं मी बोलणार नव्हते, आणि खरं बोलले तर पोर आईपासून तुटणार होतं. पुढच्या सीटवर आज्जींचं डोकं अजिबात हलत नव्हतं. मला वाटलं, झोप लागली असेल.

सांगलीच्या हॉस्पिटलात शंभूला आयसीयूत घेतलं. तिथल्या डॉक्टरांना मी सगळी हकिकत सांगून बाहेर आले तर आज्जींचा फोन वाजत होता. आज्जी फोन कायम स्पीकरवर ठेवतात, त्यामुळं संतोषचा आवाज अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेला.

“आये! कसाय त्यो?”

“बरा हाय. डाक्टरीनबाई हायत्या हितं. जिवाला धोका न्हाई आता.”

“काय खाल्लंवतं त्यानं?”

अश्विनी बाकड्याच्या कडेला आक्रसून बसली होती. तिनं डोळे मिटून घेतले.

“पंचामृत,” आज्जी म्हणाल्या.

“कुणी दिलं? अश्विनीनं?”

“म्या दिलं.”

पलीकडं मग जो भडका उडाला तो इथं लिहिण्यासारखा नाही. किती डाव सांगितलं तुला, शेरडाचं दूध पाजलंस तवाच कळलं व्हतं, जीव घेणार हाईस का पोराचा. आज्जी फोन हातात धरून ऐकत होत्या. मधे एकदाच म्हणाल्या, “व्हय. चुकलं माजं.”

“आता म्या ताईला फोन लावतो. पोरगं साताऱ्यालाच ऱ्हाईल!”

“पोरगं आईजवळ ऱ्हाईल,” आज्जींचा आवाज पहिल्यांदाच चढला. “दूध पाजलं म्या, तिनं न्हाई. कुणाला साताऱ्याला धाडायचंच असलं तर मला धाड. ऱ्हाईन की ताईकडं, दोन वेळचं गिळीन आन् गप पडीन.”

आईला साताऱ्याला धाडलं तर गोठा कोण बघणार, हा प्रश्न त्यालाही पडला असावा. त्यानं मला फोन द्यायला सांगितलं.

“मॅडम, आता काय करायचं ते तुमीच सांगा.”

“मूल आईपासून हलवायचं नाही,” मी म्हटलं. “अशी काळजी घेणारी आई माझ्या ओपीडीत दुसरी नाही. बाकीचं माझ्यावर सोडा.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. कुणी दिलं, हे त्यानं मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

शंभू घरी गेला तो घोटून शिकवलेल्या दोन बायका बरोबर घेऊन. ॲड्रिनॅलिनची कुपी आणि सिरिंज घरात कायम ठेवायची, ती कशी भरायची, मांडीत कुठं टोचायची, हे दोघींकडून लिंबावर करून घेतलं. अश्विनीची सुई तिरकी जायची. आज्जींची नाही. आणि खाणं सुरू झालं. पहिलं अंडं माझ्यासमोर ओपीडीत भरवलं, म्हणजे अश्विनीची भीती मोडावी. मग दाट वरण, दाण्याचं कूट घातलेली भाजी, नाचणीची गोड पेज, तिळाची चटणी भाकरीला फासून. दिवाळीपर्यंत शंभूचे गाल दिसायला लागले आणि तो मोठ्या सरांच्या टेबलावरचं पेन पळवून न्यायला लागला.

देवाचं काय, हा प्रश्न उरलाच होता. देवळात जाऊ नका असं सांगणारी मी कोण? सांगितलं तरी ऐकणार कोण? तो आज्जींनी आपणहून सोडवला. दुखऱ्या गुडघ्यांनी पायऱ्या चढून गुरवाकडं गेल्या आणि म्हणाल्या, माझ्या नातवासाठी अभिषेकाच्या आधी नुसतं पाणी आणि बेल बाजूला काढायचा, आणि ती पळी दुधाच्या भांड्यात बुडवायची नाही.

गुरव म्हणाला, “आवं आज्जी, देवाचं तीर्थ कुणाला बाधत न्हाई.”

“माज्या नातवाला बाधलंय. सांगलीपातूर गाडी पळवलीया आमी. तू काढून ठेवतोस का म्या पुजारी बदलू?”

त्यानं काढून ठेवलं.

शंभूचं वजन करायला तिघं आली होती तेव्हा अश्विनी शंभूच्या मागं पळत बाहेर गेलेली होती आणि आज्जी एकट्याच समोर होत्या. मी दार लोटलं.

“आज्जी, गाडीत तुम्ही सगळं ऐकलं होतंत ना?”

“व्हय.”

“मग मुलाशी खोटं का बोललात? हिला जमत नाही म्हणून तुम्हीच सांगत होता की मला.”

आज्जींनी पिशवीतून तंबाखूची डबी काढली, माझ्याकडं बघितलं आणि परत आत ठेवली.

“खोटं कसलं, बाई? माजं गुडघं धड असतं तर देवळात म्याच गेले असते. आन् म्याबी तेच पाजलं असतं.”

मला असं गप्प करणारी माणसं फार नाहीत.

तेव्हापासून ओपीडीत मी “काय खाल्लं?” असं विचारत नाही. “सकाळपासून याच्या तोंडाला काय काय लागलं?” असं विचारते. देवाचं, दृष्ट काढलेलं, सहाणेवर उगाळलेलं, शेजारणीनं चाखवलेलं, सगळं. आया आधी चमकतात आणि मग घडाघडा बोलतात. दिलं कुणी, हे मात्र मी विचारत नाही. वाटीत काय होतं, तेवढं कळलं की माझं काम होतं.